काम दाखवायचं, की कातडी?

आपल्या वस्त्यांतली पोरं-पोरी आता मोबाईलवर खूप काही टाकतात, आणि ते बघून आम्हाला बरं वाटतं. कुणी भीमगीताला नवी चाल लावतं, कुणी रॅप लिहितं, कुणी पेन्सिलीनं बाबासाहेबांचं चित्र काढतं, कुणी ब्लाऊजच्या गळ्याचे नवे नमुने शिवून दाखवतं. १९२० साली ‘मूकनायक’ निघालं ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीनं. त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’नं नकार दिला होता. आज आपल्या मुलीला स्वतःचं काम लोकांपुढे ठेवायला कुठल्या संपादकाची परवानगी लागत नाही. त्यामुळे ‘हे मोबाईलचं खूळ बंद करा’ म्हणणाऱ्यांत आम्ही नाही.

पण काम दाखवता दाखवता स्वतःला लपवणं सुरू होतं, आणि त्याचे परिणाम अंगावर निघतात. म्हणून हा विषय आरोग्याच्या पानावर घेतला.

व्हिडिओ करायच्या आधी पत्र्याच्या भिंतीवर चादर टांगली जाते, म्हणजे घर दिसू नये. अकाउंटवरून आडनाव निघून जातं. मग फिल्टर लागतो. तो रंग उजळ करतो, नाक बारीक करतो. रोज तो चेहरा बघितला की आरशातला आपलाच चेहरा नकोसा होतो, आणि पोरगी (हल्ली पोरगाही) मेडिकलच्या दुकानात जाऊन गोरं होण्याची क्रीम मागते.

तिथं जे मिळतं त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं. ट्यूबवर बारीक अक्षरांत बेटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिलेलं असेल, तर ते चेहरा उजळण्याचं क्रीम नव्हे, औषध आहे. नायट्यासाठी आणलेली घरातली ट्यूबही अशीच तोंडाला लावली जाते. सुरुवातीला चेहरा खरंच उजळ दिसतो, त्यामुळेच फसगत होते. पुढे कातडी पातळ होते, लाल होते, पुरळ येतं, बारीक शिरा दिसायला लागतात, बायकांना तोंडावर केस येतात. लावणं थांबवलं की आग होते, म्हणून पुन्हा लावलं जातं. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी आपल्या गल्लीच्या कोपऱ्यावर ती मागितली की मिळतात.

दुसरा धोका पाऱ्याचा. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नसलेल्या, नुसत्या मोबाईलवर विकल्या जाणाऱ्या डब्यांत पारा सापडलेला आहे. क्रीममध्ये मुद्दाम पारा घालायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. पारा कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंड बिघडवतो. अशी क्रीम लावणाऱ्याच्या पायांवर किंवा डोळ्यांखाली सूज आली, लघवीला फेस यायला लागला, तर क्रीम बंद करून डबा सोबत घेऊन सरकारी दवाखान्यात जावं. लघवीची साधी तपासणी तिथं होते. स्टेरॉइड फार दिवस लावलं असेल तर मात्र एकदम न थांबवता त्वचारोगाच्या ओपीडीत विचारून थांबवावं.

झोपेचंही तेच. रात्री पोस्ट टाकायची आणि किती लाईक आले म्हणून दोन वाजेपर्यंत उठून बघायचं. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी २०२३ मध्ये इशारा दिला, की रोज तीन तासांहून जास्त वेळ सोशल मीडियावर घालवणाऱ्या मुलांत नैराश्य आणि चिंतेचा धोका दुप्पट दिसतो. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत पोरांना स्वतःची म्हणावी अशी जागा तेवढी मोबाईलमध्येच असते, हे मोठ्यांनी ओरडण्याआधी लक्षात घ्यावं. लाईकचा आकडा लपवायची सोय इन्स्टाग्रामवर २०२१ पासून आहे. ती वापरावी, आणि रात्री मोबाईल उशाशी न ठेवता स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवावा. आईबापांचाही.

सगळ्यात जास्त काळजी वाटते ती शिव्यांची. निळा झेंडा दिसला, जयभीम ऐकू आलं, की खाली जातीवरून घाण लिहिणारे येतात. मुलगी ते घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर ‘कशाला टाकलंस?’ म्हणून मोबाईल तिचाच जाणार. मग ती एकटीच वाचत बसते. जेवण तुटतं, कॉलेज बुडतं, आणि घरच्यांना वाटतं अभ्यासाचा ताण असेल. आयाबायांनो, बापांनो, तिला आधी विचारा, आणि मोबाईल काढून घेणार नाही असं सांगून विचारा. शिवी पुसू नका. त्याचा स्क्रीनशॉट, तारीख आणि लिंक ठेवा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर आणि पोलीस ठाण्यात तक्रार करता येते. १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा इंटरनेटवरच्या अपमानालाही लागू होतो, असं केरळ उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये म्हटलेलं आहे. मन फारच खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर रात्रीबेरात्रीही लागतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आमचा एक आग्रह विहार समित्यांना. जयंतीच्या मिरवणुकीत डीजेसाठी वर्गणी आपण काढतोच. रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास पोरांना द्या. ज्यानं गाणं केलंय त्यानं गावं, जिनं चित्र काढलंय तिनं ते भिंतीला टेकवून ठेवावं, शिवणारीनं ब्लाऊज दाखवावा. म्हाताऱ्या बायांनी हात लावून बघावं, चुका काढाव्यात, दाद द्यावी. नंतर ते मोबाईलवर जाऊ दे, मागची पत्र्याची भिंत दिसली तरी चालेल.