दहा हजार कॅलरीचा डबा

सध्या आमच्या ऑफिसात प्रोटीनची साथ आहे. ज्याच्या त्याच्या ड्रॉवरमध्ये पावडरचा डबा! मला मात्र हेवा वाटतो तो अलास्कात स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांचा. तिथली आयडिटारॉड शर्यत 1973 पासून होतेय. अँकरेज ते नोम, साधारण 1600 किलोमीटर, तेही बर्फातून. जेमतेम वीस-पंचवीस किलोचा हा गडी शर्यतीत दिवसाला दहा हजारांच्या आसपास कॅलरी जाळतो. आपल्यासारख्या खुर्चीवाल्यांचं चार-पाच दिवसांचं जेवण झालं की हे!

मग काय, प्रोटीनच ठासत असतील? नाही हो. लांब पल्ल्याचं इंधन म्हणजे चरबी, निम्म्याहून जास्त कॅलरी तिथूनच. प्रोटीनकडे डागडुजीचं खातं. पण ते खातं रिकामं ठेवून चालत नाही. आर्ली रेनॉल्ड्स आणि सहकाऱ्यांनी 1999 मध्ये छापलेल्या अभ्यासात, कॅलरींपैकी फक्त 18 टक्के प्रोटीनमधून मिळणाऱ्या कुत्र्यांना सरावातच जास्त दुखापती झाल्या. आणि लंगडणारा कुत्रा म्हणजे त्याची शर्यत संपली.

(सोसायटीतल्या लॅब्राडोरला मात्र हा मेन्यू नको. एवढी चरबी बैठ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला झेपत नाही.)

पाण्याची युक्ती तर झकासच. थंडीत कुत्री नुसतं पाणी पुरेसं पीत नाहीत, म्हणून बर्फ वितळवून त्यात मांस टाकतात आणि गरम रस्सा पाजतात. थांब्यावर पोचलं की आधी हा स्वयंपाक. स्लेजवाल्याचं स्वतःचं जेवण त्यानंतर.