'अर्नाळा' : १७३७ सोबत १७५६ ही आठवावे

१/ १८ जून २०२५ रोजी विशाखापट्टणम येथे 'आयएनएस अर्नाळा' नौदलात दाखल झाली. उथळ पाण्यातील पाणबुड्या शोधून नष्ट करण्यासाठी योजलेल्या १६ नौकांपैकी ही पहिली. वसईजवळच्या किल्ल्याचे नाव तिला मिळाले, याचा अभिमान रास्त आहे. परंतु त्या नावात एक इशाराही आहे.

२/ कोलकात्याच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सने ही ७७.६ मीटर लांबीची नौका एल अँड टीच्या कट्टुपल्ली गोदीत बांधून घेतली. जलावतरण २० डिसेंबर २०२२ रोजी झाले. पाण्याचा झोत मागे फेकून ती पुढे जाते. किनाऱ्यालगत समुद्रतळावरून उमटणाऱ्या प्रतिध्वनींमुळे पाणबुडी हुडकणे कठीण होते. म्हणून अशी खास नौका हवी.

३/ वैतरणेच्या मुखाशी असलेले अर्नाळा बेट मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून जिंकले आणि तेथे किल्ला उभारला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईही घेतली.

४/ पुढे १७५६ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांच्या साह्याने तुळाजी आंग्र्यांचा पाडाव केला. विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. तुळाजी पेशव्यांना जुमानत नव्हते, हे खरे; परंतु एका सरदाराला शासन करताना मराठ्यांचे सर्वांत बळकट आरमार गेले. पंचवीस वर्षांनी, १७८१ मध्ये, त्याच इंग्रजांनी अर्नाळा घेतला.

५/ किल्ल्याचे रक्षण तटबंदीइतकेच समोरच्या पाण्यातील गलबतांवर अवलंबून असते. नव्या नौकेचा गौरव करताना १७३७ च्या विजयाबरोबर १७५६ च्या चुकीचेही स्मरण ठेवावे.