पाच वर्षांत पंधरा पट

अमेरिकेत कमरेच्या मणक्यांची मोठी ऑपरेशनं का वाढली, याचं उत्तर ठरलेलं असतं: लोक जास्त जगतात, मणके झिजतात. मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विमा योजनेच्या नोंदींत मात्र हे उत्तर टिकत नाही. मणक्यातला नसांचा मार्ग अरुंद झालेल्यांच्या ऑपरेशनांचं एकूण प्रमाण २००२ ते २००७ मध्ये किंचित घटलंच. वाढलं ते स्क्रू-सळया घालून अनेक मणके जोडण्याचं मोठं फ्यूजन: दर लाखामागे १.३ वरून १९.९. पाच वर्षांत म्हातारपण पंधरा पट वाढत नाही!

धोका तरी सारखाच होता का? नुसती दबलेली नस मोकळी केली, तर जिवावर बेतणारी गुंतागुंत २.३ टक्के रुग्णांत झाली. मोठ्या फ्यूजननंतर ५.६ टक्क्यांत. बिल तिपटीहून अधिक.

‘पण एमआरआयमध्ये झीज दिसतेय ना!’ दिसणारच. १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांचे एमआरआय काढले; मणक्यांमधल्या सगळ्या चकत्या ठीक असलेले निघाले जेमतेम ३६ टक्के.

त्याच वर्षी अमेरिकेच्या एका सरकारी संस्थेने कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली: बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. काही मणकेतज्ज्ञ सर्जन खवळले, थेट संसदेपर्यंत गेले. संस्था कशीबशी वाचली, पण अनुदान कापलं गेलं आणि मार्गदर्शिका काढणं तिने सोडलं. पुराव्याला उत्तर पुराव्याने द्यायचं असतं. इथे ते अंदाजपत्रकातून दिलं गेलं.

म्हणून ‘कमरेला सुरी लावूच नये’ हेही खरं नव्हे. लघवी अडली, जांघांत बधिरपणा आला, तर थांबणं घातक. चकती सरकून पायात असह्य कळ जात असेल, तर ऑपरेशनने आराम लवकर पडतो, हे २००७ च्या डच चाचणीत दिसलं. वर्षभराने मात्र थांबलेलेही तितकेच बरे होते, अर्थात त्यांतल्या बऱ्याच जणांना मधल्या काळात ऑपरेशन करावं लागलं होतं.

नस मोकळी करणं आणि मणके जोडणं यांना एका मापाने मोजू नये, एवढंच. स्वीडनमध्ये मार्ग अरुंद झालेल्या २४७ रुग्णांवर चाचणी झाली. नस सगळ्यांचीच मोकळी केली, निम्म्यांचे मणके जोडलेही. २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आला: दोन वर्षांनी दोन्ही गट सारखेच. रुग्णालयातला मुक्काम मात्र वेगळा, नुसती नस मोकळी केलेल्यांचा सरासरी ४.१ दिवस, फ्यूजनवाल्यांचा ७.४.