तेजस ओझरला, रूमभाडं कोण देणार?

नाशिकजवळ ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए १७ ऑक्टोबर २०२५ ला उडालं. रील्स सगळ्यांनी पाहिल्या. तिथल्याच एचएएलमध्ये डिग्री, डिप्लोमा, आयटीआयवाल्यांना वर्षभराची अप्रेंटिसशिप मिळते, हे किती जणांना माहितीये? ब्रिटनमध्ये असं वर्ष डिग्रीच्या मध्येच घेता येतं. इथे पास झाल्यावर. जांब समर्थच्या पोरापोरींसमोर खरा प्रश्न पैशांचा. २०१९ च्या नियमांनी पदवीधराचा किमान स्टायपेंड महिना ९,००० रुपये ठरवला. त्यात रूम, मेस, जाणं-येणं बसवायचं. बरं, करारात लिहिलेलं नसेल तर १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार पुढे नोकरी देणं कंपनीवर बंधनकारक नाही. तरी अर्ज कराच. आणि राहायची सोय आहे का, हे जॉइन होण्याआधी विचारा.