जॅझ आणि पदवीचा शिक्का

जॅझ हें शिकवून येणारें संगीत नव्हे, तें रक्तांतच असावें लागतें, असा समज रसिक म्हणविणाऱ्या मंडळींत रूढ आहे. विद्यापीठांनीं जॅझची पदवी काढली आणि त्या संगीताचा प्राण गेला, ही तक्रारही त्याच समजांतून उगवते. आमच्या मतें हा समज खोटा आहे. इतकेंच नव्हे, तर तो अन्यायाचाही आहे. विद्यापीठांवर ठपका ठेवण्यास जागा पुष्कळ आहे. पण ती निराळी आहे, आणि ती नेमकी कोठें आहे हें दाखविल्यावांचून या वादांत तथ्य येणार नाहीं.

प्रथम रक्ताचा मुद्दा घेऊं. लुई आर्मस्ट्राँग याला कॉर्नेटचे शिस्तीचे धडे मिळाले ते १९१३ सालीं, न्यू ऑर्लिन्सच्या एका सुधारगृहाच्या बँडांत. चार्ली पार्कर १९३७ च्या उन्हाळ्यांत ओझार्कच्या डोंगराळ मुलखांत लेस्टर यंगच्या ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हां लावून त्यांतील स्वर न् स्वर उतरवून घेत होता. माइल्स डेव्हिस १९४४ मध्यें न्यूयॉर्कच्या ज्युलियर्ड शाळेंत दाखल झाला आणि रात्रीं पार्करच्या मागें फिरला. पुढल्या वर्षीं त्यानें शाळा सोडली, शिक्षण सोडलें नाहीं. हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाउसमध्यें थेलोनियस मंक व त्याचे सोबती १९४० नंतर रात्र रात्र जें करीत, त्याला आमच्याकडे तालीमच म्हणतील. अशा मेहनतीस 'उपजत देणगी' म्हणणें म्हणजे कृष्णवर्णीय कलावंताला पांखराच्या पंक्तीस बसविणें होय. पांखरूं गातें खरें, पण त्याला विद्वान् कोण म्हणतो?

आतां विद्यापीठांकडे वळूं. जॅझचा पहिला वर्ग निघाला तो अमेरिकेंत नव्हे, तर १९२८ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्टच्या हॉख संगीतशाळेंत. १९३३ मध्यें नाझी सत्तेखालीं तो बंद पडला. अमेरिकेंत पदवीचा पहिला अभ्यासक्रम १९४७ मध्यें टेक्सासमधील डेंटनच्या कॉलेजांत सुरू झाला. त्याच्या नांवांत 'जॅझ' हा शब्द नव्हता. 'नृत्याचा वाद्यवृंद' असें सोंवळें नांव त्यास दिलें होतें. आणि त्या कॉलेजाच्या पदवीपूर्व वर्गांचें दार कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास उघडलें तें १९५६ मध्यें! ज्यांची विद्या त्यांनाच बाहेर उभें करून नऊ वर्षें तिचे वर्ग चालले. विद्यापीठांचें पहिलें पाप हें आहे: संगीत मारल्याचें नव्हे, त्याचा धनी बदलल्याचें.

दुसरें पाप मोजमापाचें. परीक्षेला मोजतां येईल तेंच हवें असतें. अमुक स्वरसंघातावर अमुक स्वरसप्तक चालतें, हें तक्त्यांत बसतें. ठेक्याच्या किंचित् मागें राहून वाजविण्याची खुबी बसत नाहीं. जेमी एबरसोल्ड यांच्या साथीच्या ध्वनिमुद्रिका १९६७ पासून निघूं लागल्या. घरबसल्या सराव करणाऱ्यास त्यांचा उपयोग निःसंशय आहे. परंतु तबकडीवरील ड्रमवादक आपलें वाजविणें ऐकत नाहीं, आणि जॅझचा सारा जीव या परस्पर ऐकण्यांतच आहे.

हा तंटा मराठी वाचकांस नवा नाहीं. पलुसकरांनीं १९०१ मध्यें लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, भातखंड्यांनीं शेंकडों चिजा स्वरलिपींत छापून घराण्यांच्या कुलुपांतून बाहेर आणिल्या, तेव्हां लिहून गाणें येत नाहीं असा आक्षेप निघालाच. गाणें मेलें नाहीं. तें मध्यमवर्गाच्या घरांत आलें. पण नुसत्या पुस्तकावर कोणी गवई झाला नाहीं, हेंही तितकेंच खरें. गोव्याच्या चर्चच्या शाळांत शिकलेल्या वादकांना कागदावरचे स्वर वाचणें तेथें आलें. जॅझ मात्र त्यांनीं उचललें तें तबकड्या ऐकून आणि १९३५ च्या सुमारास मुंबईच्या ताजमहाल हॉटेलांत आलेल्या अमेरिकन वाद्यवृंदांच्या सान्निध्यांत.

तेव्हां आमची मागणी साधी आहे. ज्यांनीं ही विद्या घडविली त्यांना वर्गांत मुख्य आसन द्या. हें अशक्य नाहीं. मेरी लू विल्यम्स १९७७ पासून १९८१ मधील मृत्यूपर्यंत ड्यूक विद्यापीठांत शिकवीत होत्या. जॅकी मॅक्लीन यांनीं हार्टफर्ड विद्यापीठांत विभाग उभारला, तो 'आफ्रिकन-अमेरिकन संगीत' या नांवानें. विद्या कोणाची, हें दारावरच लिहिलें. ज्या विद्यापीठास इतकें साधत नाहीं, त्यानें खुशाल पदव्या द्याव्या. पण त्यांवर 'जॅझ' हा शब्द छापूं नये. १९४७ चें सोंवळें नांवच त्याला शोभेल.