आधी रस्ता, मग संमती

सरकारी कागदावर काही शब्द फार सोज्ज्वळ दिसतात. ‘ऐच्छिक पुनर्वसन’ हा त्यांपैकीच एक. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातील गावे कोणी उठवीत नाही, ती स्वखुशीने उठतात, असे हा शब्द सांगतो. मेळघाटातील एखाद्या गावाने ठराव केला, कुटुंबप्रमुखांनी अंगठे उठविले, रक्कम बँकेत जमा झाली, की फाईल पूर्ण होते. ह्या फायलीतील कागद बहुधा खरे असतात, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. आपल्या कार्यकर्त्यांची नेहमीची चूक अशी की, अन्याय दिसला की ते खोटी सही शोधू लागतात. येथे सही खरी असते. प्रश्न आहे तो त्या सहीपूर्वीच्या तीस-चाळीस वर्षांचा.

ती वर्षे कशी जातात हे समजण्यासाठी मेळघाटचा पावसाळा डोळ्यांसमोर आणला पाहिजे. जून ते सप्टेंबर सिपना, खापरा, गडगा, डोलार ह्या नद्या आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले भरून वाहतात. रपटे पाण्याखाली जातात आणि आतल्या गावांचा जगाशी संबंध तुटतो. बाळंतपणाला अडलेल्या बाईला खाटेवर किंवा झोळीत घालून, वाहन जेथवर येऊ शकते तेथवर खांद्यावरून न्यावे लागते. तेथून धारणीचे उपजिल्हा रुग्णालय. तेथे निभावले नाही तर सुमारे दीडशे किलोमीटरवरचे अमरावती. नवसंजीवन योजनेने ह्या भागात पावसाळ्यापूर्वीच चार महिन्यांचे धान्य पोहोचविण्याची व्यवस्था सांगितली. व्यवस्था म्हणून ती चांगलीच आहे. परंतु दरवर्षी ह्या गावांना वेढा पडणार हे राज्याने गृहीत धरले आणि वेढा उठविण्याऐवजी शिधा भरून ठेवला, हेही त्यातून दिसतेच.

पोट दुखणाऱ्या तान्ह्या मुलाच्या पोटावर तापलेल्या सळईने ‘डंबा’ देण्याची चाल कोरकूंमध्ये आहे. शहरातील सुशिक्षित मंडळी तिच्यावर हळहळतात, व ती चाल घातक आहे यात शंका नाही. मात्र भुमका पाच घरे पलीकडे राहतो आणि डॉक्टर तीन नाले ओलांडून भेटतो, ही गोष्ट त्या हळहळीत क्वचितच येते. १९९३च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंनी महाराष्ट्राला धक्का बसला. न्यायालयाची दारे ठोठावली गेली, समित्या येऊन गेल्या. तीन दशके उलटली तरी हा विषय उच्च न्यायालयापुढे पुन्हा पुन्हा येतच राहिला.

ही माणसे जंगलात घुसली कशी, असा एक प्रश्न हल्ली साळसूदपणे विचारला जातो. ती घुसलेली नाहीत. कोरकूंची भाषा मुंडा कुळातील, म्हणजे संथाळी-मुंडारीची बहीण. मराठी व हिंदी येथे येण्यापूर्वीपासून ती सातपुड्यात नांदत असावी. सिपना ह्या नदीच्या नावाचा अर्थच कोरकूत साग असा होतो. (त्याच भाषेतील मूल शाळेत गेले की पहिल्या दिवसापासून त्याला अनोळखी मराठीत शिकविले जाते, आणि मग ते ‘गळते’. पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) इंग्रजी अमदानीत, १८६६पासून, मेळघाटची जंगले राखीव होत गेली. कोरकूंची फिरती शेती बंद पाडली गेली. मात्र सागाची तोड करावयास, रस्ते बांधावयास, वणवे विझवावयास हात हवे होते, म्हणून त्याच कोरकूंना वनखात्याच्या देखरेखीखाली गावे करून बसविले गेले. राज्याला लाकूड हवे होते तोवर जंगलात माणूस राहणे गैर नव्हते. तो उपयोगाचा होता.

१९७३मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. पहिल्या नऊ क्षेत्रांत महाराष्ट्रातून एकट्या मेळघाटची निवड झाली आणि १९७४पासून तेथे काम सुरू झाले. गाभ्यातील कूपांची तोड थांबली. हे योग्यच झाले. पण कूपांबरोबर मजुरीही थांबली, आणि ज्या हातांना शंभर वर्षे तेवढेच काम शिकविले होते त्यांचे पुढे काय, याचा हिशेब कोणी केला नाही. फेब्रुवारी २०००मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय उद्याने व अभयारण्ये यांतून वाळलेली-पडलेली झाडे आणि गवतसुद्धा उचलण्यास मनाई केली. तेंदूपत्ता, मोह, चारोळी, नदीतील मासे, एकेक दार लागत गेले. उरली पावसावरची शेती आणि दिवाळीनंतरचे स्थलांतर. परतवाडा, अकोट, बऱ्हाणपूर, जेथे काम मिळेल तेथे. होळीला मात्र कोरकू माणूस कोठूनही घरी परततो.

आता अशा गावात अधिकारी येतो आणि म्हणतो, प्रत्येक कुटुंबास रोख रक्कम मिळेल. रस्ता, वीज, शाळा असलेल्या ठिकाणी जा. ही रक्कम २००८पासून १० लाख रुपये होती, ती २०२१मध्ये १५ लाख झाली. गावातील तरुण मान डोलावतात. त्यांचे चुकते असे म्हणण्याचा अधिकार शहरात दिवा लावून बसलेल्या आपल्याला नाही. जाण्याची इच्छा खरीच असते. परंतु ज्याला राहण्याचा रस्ताच बंद केला आहे त्याच्या जाण्यास ‘ऐच्छिक’ हे विशेषण लावणे, ही भाषेची फसवणूक आहे.

यावर नेहमीचे उत्तर असे की, प्रकल्पात रस्ता आणि वीज देता येत नाही, कायदा आड येतो. कार्यकर्त्यांनी हे उत्तर ऐकून परत येऊ नये, कारण कायदा आड येत नाही, तो दार उघडतो. वनहक्क कायदा २००६चे कलम ३(२) काढून पाहावे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, विजेच्या व दूरध्वनीच्या तारा, पिण्याचे पाणी, रस्ता अशा तेरा सुविधांसाठी वनजमीन देण्याची तरतूद तेथे आहे. अटी तीन: प्रत्येक कामास जमीन एक हेक्टरपेक्षा कमी, हेक्टरी ७५पेक्षा अधिक झाडे पडू नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस. वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानेही ह्याच कायद्याने स्पष्ट शब्दांत घातली आहेत. तीन मीटर रुंदीचा रस्ता धरला तर एका हेक्टरात तीन किलोमीटरांहून अधिक लांबी बसते. कित्येक गावांचा तुटलेला दुवा तेवढाच असतो.

दुसरी तरतूद त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्यात घातलेल्या कलम ३८-व्हीची. आदिवासींचे हक्क आधी निश्चित व्हावेत. त्यांच्या राहण्याने वाघाला भरून न येणारी हानी पोहोचते आणि सहजीवनाचा दुसरा मार्ग उरलेला नाही, हे ठरावे. सर्व माहिती देऊन ग्रामसभेची व संबंधित माणसांची संमती घ्यावी. आणि नव्या जागी जमीन व सोयी तयार असाव्यात. मगच हलवावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात सर्वांत शेवटी यावयाची संमती सर्वांत आधी घेतली जाते, आणि बाकीचे ‘प्रक्रियेत’ असते.

वाघाची बाजूही येथे मांडली पाहिजे, नाहीतर आपण केवळ सोयीचे बोलू. वीसेक प्रजननक्षम वाघिणींना आठशे ते हजार चौरस किलोमीटर निर्वेध जंगल लागते, असे वन्यजीवशास्त्रज्ञ सांगतात. त्यांना कोणाचा द्वेष नाही. गुरे, सरपण आणि शिकारीचे फासे यांनी जंगल पोखरले जाते, हेही खरे आहे. देशातील वाघ २००६च्या गणनेत १,४११ होते, ते २०२२च्या गणनेत सरासरी ३,६८२ झाले. हे यश आपलेही आहे. पण कर्नाटकात बिळिगिरी रंगनाथस्वामी मंदिर क्षेत्रातील सोलिगांचे सामूहिक वनहक्क २०११मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आतच मान्य झाले, आणि त्यानंतर तेथील वाघ वाढले. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गावाने मिळालेल्या सामूहिक हक्काच्या जोरावर उजाड जंगल उभे केले व त्यासाठी २०१४मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळविला. प्रत्येक ठिकाणी असेच होईल असा माझा दावा नाही. माणूस व वाघ एकत्र राहू शकत नाहीत हे मेळघाटात आधी सिद्ध करा, एवढेच कायदा म्हणतो आणि एवढेच आम्ही म्हणतो.

गेलेल्यांचे काय झाले? ह्या शतकाच्या प्रारंभी बोरी, कोहा, कुंड उठली. पुढील दशकात धारगड, गुल्लरघाट, केलपाणी, सोमठाणा व इतर काही गावे. सर्वांचे वाईट झाले असे नाही. पण जानेवारी २०१९मध्ये पुनर्वसित गावांतील माणसे बायका-मुलांसह पुन्हा जंगलातील आपल्या जुन्या जागी जाऊन बसली. जमीन आणि सोयी यांची आश्वासने पाळली गेली नाहीत, अशी त्यांची तक्रार होती. वनखाते, पोलीस आणि आदिवासी यांच्यात तुंबळ चकमक झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली. लाठी आणि दगड यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. तथापि ज्यांनी स्वखुशीने गाव सोडले असे नोंदले होते, तीच माणसे वाघाच्या रानात परत का येतात, ह्याचे उत्तर कोणत्याही फायलीत नाही.

जून २०२४मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून, गाभाक्षेत्रांत अद्याप असलेल्या ५९१ गावांतील ६४,८०१ कुटुंबांच्या स्थलांतरास अग्रक्रम देण्यास सांगितले. म्हणजे हा प्रश्न एकट्या मेळघाटचा नाही, आणि घाईही वाढली आहे.

म्हणून धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत काम करणाऱ्या साथींना एक सुचवावेसे वाटते. ‘उठणार नाही’ ही घोषणा गावाच्या तोंडी आपण घालू नये. ती गावाची असेल तर गावच देईल. त्याआधी प्रत्येक गावाचे कलम ३(२)चे अर्ज भरून द्यावेत, सामूहिक हक्काचे दावे पुरे करावेत, आणि पोच घेतल्याशिवाय उठू नये. रस्ता झाल्यावर, दिवा लागल्यावर गावाला जावेसे वाटले तर खुशाल जावे. ठराव कोरकूत वाचून दाखविला जावा असा आग्रह धरावा. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला निम्मे सभासद हजर असावे लागतात आणि हजर असलेल्यांत एकतृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात, हे ध्यानात ठेवून हजेरीपट स्वतः मोजावा. आणि पुनर्वसनाची सभा दिवाळीनंतर, घरांना कुलपे असताना बोलाविली गेली, तर ती होळीच्या आठवड्यात घेण्याची लेखी मागणी त्याच दिवशी करावी.