क्षेत्रपालाचे अवशेष आणि जगत्तुंगाचे तळे

राष्ट्रकूट राजे आपल्या लेखांत स्वतःस ‘लट्टलूर’ या श्रेष्ठ नगरीचे स्वामी म्हणवीत. लट्टलूर म्हणजे आजचे लातूर, असे बहुतेक इतिहासकार मानतात. राजधानी मान्यखेटास, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेडला, आणि मिरवणे मात्र लातूरच्या नावाने! सत्तेला नुसते सैन्य पुरत नाही. तिला कुळ लागते, मूळ गाव लागते, आणि ते रयतेच्या डोळ्यांत भरेल असे कोरूनही ठेवावे लागते.

वेरूळचे कैलास मंदिर आठव्या शतकात पहिल्या कृष्णाच्या काळी कोरले गेले, त्यात भक्ती होतीच. पण एवढा डोंगर फोडविण्याची आपली ताकद आहे, हा इशाराही होता. या घराण्याच्या गुजरात शाखेचा ८१२ सालचा ताम्रपट सांगतो की, हे आपल्या हातून घडले तरी कसे, याचे खुद्द शिल्पकारालाच नवल वाटले. दान मिळालेल्या ब्राह्मणाचे नाव त्या ताम्रपटात आहे, शिल्पकाराचे नाही. छिन्नी चालविणाऱ्यांची तर गणतीच कोण करणार?

नांदेड जिल्ह्यातील कंधारला या राजनीतीची दोन्ही रूपे शेजारी-शेजारी दिसतात. तेथे राष्ट्रकूटकालीन क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे सापडले. मूळ मूर्ती पन्नास फुटांच्या आसपास असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. माणसाने मान वर करून पाहावे आणि स्वतःला खुजे समजावे, हाच अशा उंचीचा हेतू असतो. जवळच जगत्तुंग सागर हा तलाव आहे. त्यालाही राजाचे बिरुदच चिकटलेले, त्यामागेही कीर्तीची हाव आणि खोदणाऱ्यांचे अनाम कष्ट. तथापि मूर्तीचे तुकडे झाले, राजवटी बदलल्या, तरी तळ्याने माणसांची आणि गुरांची तहान भागविली. दोहोंना एकाच मापाने मोजणे हा इतिहासावर अन्याय होईल.

लोकशाहीतील राज्यकर्त्यांनी यांपैकी काय उचलले? एप्रिल २०१६ मध्ये त्याच लट्टलूरला, लातूरला, मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच वर्षी २४ डिसेंबरला मुंबईच्या अरबी समुद्रात शिवस्मारकाचे जलपूजन झाले. खर्चाचा अंदाज सुमारे ३,६०० कोटी रुपये. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, अशी ताकीद आपल्या सुभेदाराला देणाऱ्या राजाच्या नावाने हे चालले होते, आणि लातूरकर घागरी घेऊन टँकरची वाट पाहून नुकतेच मोकळे झाले होते.